घरातल्या ज्येष्ठांना भाजण्याचा धोका जास्त का असतो? तो कमी करण्यासाठी काय करता येईल?

सकाळी आंघोळीला कढत पाणी. मग देवापुढे समई किंवा निरांजन. दुपारी चार वाजता आल्याचा चहा. रात्री झोपताना गुडघ्याला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. महाराष्ट्रातल्या अनेक घरांमध्ये ज्येष्ठांचा दिवस साधारण असाच जातो.

घरात ज्येष्ठांना भाजतं तेही बहुतेक वेळा याच गोष्टींमुळे. भाजण्याचा अपघात म्हटलं की सिलेंडरचा स्फोट किंवा मोठी आग डोळ्यांसमोर येते. पण वयस्कर माणसांच्या बाबतीत धोका अनेकदा पाण्याच्या बादलीत, शेकाच्या पिशवीत किंवा चहाच्या पातेल्यात असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार लोकांचा भाजल्यामुळे मृत्यू होतो. एकट्या भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. भाजण्याच्या बहुसंख्य घटना घरात आणि कामाच्या ठिकाणी घडतात आणि त्यातल्या अनेक टाळता येण्यासारख्या असतात.

मग ज्येष्ठांच्या बाबतीत वेगळं काय घडतं? आणि घरात नेमके कोणते बदल करायचे?

## वय वाढल्यावर शरीरात काय बदलतं?

पहिला बदल त्वचेत होतो. वयानुसार त्वचा पातळ होते आणि तिच्याखालचा चरबीचा थरही कमी होतो. त्यामुळे ज्या चटक्याने तरुण माणसाची त्वचा फक्त लाल होईल, त्याच चटक्याने वयस्कर माणसाला खोलवर जखम होऊ शकते.

दुसरा बदल जाणिवेत होतो. गरम वस्तूला हात लागला की आपण विचार करण्याआधीच हात मागे घेतो. उतारवयात ही प्रतिक्रिया मंदावते. त्यात अनेक वर्षांचा मधुमेह असेल तर पायांच्या नसांवर परिणाम होऊन तळपाय बधिर होतात. अशा पायाला पाणी 'कोमटच' वाटतं, पण प्रत्यक्षात त्वचा भाजत असते. पक्षाघातानंतर एका बाजूची संवेदना गेलेली असेल, तरीही असंच होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे हालचाल. संधिवाताने बोटांची पकड सैल होते, कंपवातामुळे हात थरथरतात, मोतीबिंदूमुळे गॅसची निळी ज्योत नीट दिसत नाही. झोपेच्या किंवा काही वेदनाशामक गोळ्यांमुळे गुंगी येते. तोल गेला की माणूस जे हाताशी येईल ते धरतो, मग ते शेगडीवरचं पातेलं का असेना.

यातला एकेक बदल छोटा वाटतो. पण हे सगळे बदल एकाच माणसात एकत्र आले, की वर्षानुवर्षं सवयीचं असलेलं कामही धोक्याचं होतं.

## तेवढंच भाजलं तरी ज्येष्ठांसाठी ते गंभीर का?

हे समजून घ्यायला एक जुनं, सोपं गणित उपयोगी पडतं. सर्ज बो या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९६१ मध्ये ते मांडलं. रुग्णाचं वय आणि शरीराचा जितका टक्के भाग भाजला आहे तो आकडा, या दोन्हींची बेरीज करायची. बेरीज जितकी मोठी, तितका जिवाला धोका जास्त.

एक उदाहरण पाहू. प्रौढ माणसाचा एक संपूर्ण पाय म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १८ टक्के भाग. कढत पाण्याने एवढा भाग भाजला, तर २५ वर्षांच्या तरुणाची बेरीज ४३ होते. ७५ वर्षांच्या आजोबांची बेरीज ९३ होते. जखम तेवढीच, पण धोका दुपटीहून जास्त.

त्या काळी ही बेरीज १००च्या आसपास गेली की रुग्ण वाचण्याची आशा फार कमी असायची. आता उपचार सुधारले आहेत आणि अद्ययावत केंद्रांमध्ये त्याहून जास्त बेरीज असलेले रुग्णही वाचतात. पण वय वाढलं की धोका वाढतो, हे सूत्र कायम आहे.

जीव वाचला तरी पुढचा प्रवास लांबचा असतो. वयस्कर त्वचा हळू भरते. मधुमेह असेल तर संसर्गाची भीती असते. काही आठवडे अंथरुणावर काढावे लागले, की पायातली ताकद जाते. अपघाताआधी स्वतःचं सगळं स्वतः करणारा माणूस त्यानंतर दुसऱ्यावर अवलंबून राहू शकतो.

## आंघोळीचं पाणी: किती गरम म्हणजे जास्त गरम?

पाण्याचं तापमान थोडं वाढलं तरी भाजायला लागणारा वेळ झपाट्याने कमी होतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने प्रौढांसाठी दिलेले अंदाज पाहा. खोल, म्हणजे तिसऱ्या श्रेणीची जखम व्हायला इतका वेळ पुरतो:

- ४९ अंश सेल्सिअस: सुमारे ५ मिनिटं
- ५४ अंश: सुमारे ३० सेकंद
- ६० अंश: सुमारे ६ सेकंद
- ६६ अंश: सुमारे २ सेकंद

ज्येष्ठांची त्वचा पातळ असल्याने त्यांच्या बाबतीत हा वेळ आणखी कमी धरायला हवा. बाथरूममध्ये पाय घसरला आणि नळ चालू राहिला, तर ६ सेकंदांत उठून बाजूला होणं सत्तरीतल्या किती जणांना जमेल?

म्हणून पहिला बदल गिझरपासून करता येतो. साठवणीच्या अनेक गिझरमध्ये तापमान कमी-जास्त करण्याची सोय असते. ते ५० अंशांच्या आसपास ठेवावं. गिझरला बाहेरून बटण नसेल, तर कंपनीच्या मेकॅनिककडून ते करून घेता येतं. गॅस गिझरमध्ये पाण्याचा दाब कमी झाला की तापमान अचानक वाढू शकतं. त्यामुळे ज्येष्ठांनी थेट नळाखाली किंवा शॉवरखाली उभं राहण्यापेक्षा पाणी आधी बादलीत घ्यावं.

दुसरा बदल फुकटचा आहे. आपल्याकडे आधी कढत पाणी काढायचं आणि मग त्यात विसण घालायचं, अशी पद्धत आहे. ती उलटी करायची. बादलीत आधी गार पाणी, त्यावर गरम पाणी. अशाने बादलीत निव्वळ कढत पाणी कधीच नसतं. घाईत हात घातला किंवा बादली कलंडली, तरी जखम टळते. पाणी तपासताना बोटांऐवजी कोपर बुडवावं. कोपराची त्वचा तळहातापेक्षा नाजूक असल्याने उष्णता लवकर कळते. मधुमेह असेल तर पायाने पाणी कधीच तपासू नये.

पाणी तापवायला हीटरचा रॉड वापरत असाल तर भाजण्यासोबत विजेच्या धक्क्याचाही धोका असतो. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नये. चुलीवर किंवा बंबात पाणी तापत असेल, तर भरलेली बादली ज्येष्ठांनी उचलून नेऊ नये. गार पाण्याच्या बादलीत मगाने थोडं थोडं गरम पाणी घालणं हा सुरक्षित मार्ग आहे.

बाथरूममध्ये घसरू नये म्हणून रबरी मॅट, भिंतीला धरायला दांडा आणि बसायला स्टूल, या तीन गोष्टी भाजण्यापासूनही वाचवतात. कारण कढत पाण्याचे अनेक अपघात पाय घसरण्यापासूनच सुरू होतात.

## शेक घेताना जखम कशी होते?

गुडघे, कंबर, मान दुखत असेल तर शेक हा घरोघरीचा उपाय. गरम पाण्याची पिशवी, विजेवर चालणारा हीटिंग पॅड, मिठाची पुरचुंडी किंवा तव्यावर तापवलेलं फडकं, असे त्याचे अनेक प्रकार आहेत.

यात उष्णता फार नसते, पण ती एकाच जागी बराच वेळ राहते. पिशवी पोटऱ्यांखाली ठेवून झोप लागली, तर कमी उष्णतेनेही त्वचा आतपर्यंत भाजते. बधिर पायाला ते कळत नाही. सकाळी फोड दिसतो, तेव्हाच प्रकार लक्षात येतो.

हे नियम लक्षात ठेवता येतील:

- पिशवीत उकळतं पाणी भरू नये. पिशवी दोन तृतीयांशच भरावी आणि जाड कापडात गुंडाळावी.
- एका जागी १५ ते २० मिनिटांहून जास्त शेक नको. मधेमधे त्वचा पाहावी.
- पिशवी किंवा पॅड घेऊन झोपू नये. अंथरूण उबदार हवं असेल तर झोपण्याआधी पिशवी ठेवावी आणि आडवं होताना काढून घ्यावी.
- पिशवीचं रबर कडक झालं असेल किंवा त्याला भेगा पडल्या असतील, तर ती बदलावी.
- बाम किंवा वेदनाशामक मलम लावल्यावर त्याच जागी शेक घेऊ नये. अशा मलमांमुळे काहींना भाजल्यासारख्या जखमा झाल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये दिला होता. वरून उष्णता दिली की हा धोका वाढतो.

मधुमेह असलेल्यांनी पाय गरम पाण्यात बुडवून बसणं टाळावं. अशा लहानशा जखमेतून संसर्ग होऊन बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते. एप्रिल-मे महिन्यांत वाळवणं घालायला गच्चीवर किंवा अंगणात अनवाणी जाण्यातही हाच धोका आहे. तापलेल्या फरशीनेही तळपाय भाजतात.

सर्दीसाठी वाफ घेताना पातेलं मांडीवर किंवा पलंगावर ठेवू नये. ते स्थिर टेबलावर ठेवावं किंवा वाफेचं मशीन वापरावं.

## स्वयंपाकघरात धोका कुठे असतो?

अनेक घरांमध्ये चहा-साखरेचे डबे, मसाले आणि काडेपेटी शेगडीच्या बरोबर वरच्या फळीवर असतात. ते घ्यायला ज्योतीवरून हात न्यावा लागतो. त्याच वेळी पदर, ओढणी किंवा सैल बाही ज्योतीजवळ येते. रोजच्या वस्तू शेगडीपासून बाजूला आणि हाताच्या उंचीवर आणून ठेवल्या, तर हा धोका एका दुपारच्या कामात कमी होतो.

कपड्यांचाही विचार हवा. नायलॉन आणि पॉलिस्टर जळताना वितळून त्वचेला चिकटतं आणि जखम खोल होते. स्वयंपाक करताना अंगासरशी बसणारे सुती कपडे बरे. साडी असेल तर पदर कमरेला नीट खोचलेला हवा. सुती कापडही पेट घेतंच, त्यामुळे ते सैल लोंबकळणार नाही हे पाहणं महत्त्वाचं.

पकड सैल झाली असेल तर सांडशीने जड पातेलं उतरवणं धोक्याचं ठरतं. त्याऐवजी दोन्ही बाजूंना कान असलेली लहान भांडी वापरावीत आणि ती अर्धीच भरावीत. कुकरची वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडण्याचा प्रयत्न करू नये. चहा उकळत्या पातेल्यातून गाळण्यापेक्षा कोणी घरात असताना तो थर्मासमध्ये भरून ठेवता येतो.

गॅसची गळती हा वेगळा मुद्दा आहे. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा मरकॅप्टन हा घटक मिसळतात. पण वयानुसार वासाची जाणीवही कमी होते. त्यामुळे 'वास आला नाही, म्हणजे गळती नाही' असं ज्येष्ठांच्या बाबतीत धरून चालता येत नाही. रात्री झोपताना आणि बाहेर जाताना रेग्युलेटर बंद करण्याची सवय घरातल्या सगळ्यांनीच लावून घ्यावी. आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळी दर ५ वर्षांनी बदलावी.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो. गळतीची शंका आली तर विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावं आणि १९०६ या क्रमांकावर कळवावं.

## देवघर, दिवे आणि उदबत्त्या

समईच्या मागे ठेवलेली फुलं किंवा मूर्ती घ्यायला वाकणं, हा देवघरातला नेहमीचा धोका. दिवा सगळ्यात शेवटी लावावा. तो हात फिरणार नाही अशा बाजूला, पसरट बुडाच्या ताटात ठेवावा. काचेची चिमणी असलेला दिवा अधिक सुरक्षित. कापूर हातातल्या लहान वाटीऐवजी लांब दांड्याच्या आरतीत लावावा. खाली बसणं-उठणं अवघड असेल, तर देवघर टेबलाच्या उंचीवर घेता येईल.

दोन गोष्टी सहसा लक्षात येत नाहीत. एक म्हणजे सॅनिटायझर. ते हातावर पूर्ण सुकल्याशिवाय काडी ओढू नये. दुसरी म्हणजे कोरड्या त्वचेला लावायची पॅराफिनयुक्त मलमं. ती कपड्यांत आणि चादरीत मुरतात आणि असं कापड पेटलं तर वेगाने जळतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये त्वचेच्या अशा मलमांबद्दल इशारा दिला होता. असे कपडे नियमित धुवावेत आणि ज्योतीपासून लांब राहावं. अर्थात, धुण्याने मलम पूर्ण निघतंच असं नाही.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरत असाल तर त्या खोलीत दिवा, उदबत्ती, विडी, सिगारेट काहीही पेटवू नये. ऑक्सिजन जास्त असला की साधी ठिणगीही भडकते.

## 'आता स्वयंपाकघरात जाऊच नका' हा उपाय का चालत नाही?

एकदा चटका बसला की घरातले लोक आई-वडिलांना गॅसजवळ जायलाच मनाई करतात. त्यामागे काळजी असते, पण परिणाम उलटा होऊ शकतो.

ज्या बाईने पन्नास वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं, तिच्यासाठी चहा करणं हे फक्त काम नसतं. घरातली तिची जागा त्यात असते. मनाई केली की ती कोणी घरात नसताना चहा करते. म्हणजे अपघात झाला तर मदतीला कोणीच नसतं. शिवाय, लहान चटके बसले तर ते लपवले जातात. 'सांगितलं तर उरलंसुरलंही बंद करतील' ही भीती असते. मग फोड चिघळल्यावरच कळतं.

त्यामुळे माणसाला थांबवण्याआधी जागा आणि साधनं बदलून पाहावीत. ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणाऱ्या शेगड्या मिळतात. इंडक्शनवर उघडी ज्योत नसते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये टायमर असतो. पेसमेकर बसवला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. साधारणपणे चालू इंडक्शनपासून ६० सेंटिमीटर अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. फोडणीचं, तळणीचं काम दुसऱ्याने करायचं आणि भाजी निवडणं, कणीक मळणं, चव बघणं त्यांच्याकडे ठेवायचं, अशी वाटणीही करता येते.

स्मृतिभ्रंश असेल तर गोष्ट वेगळी. गॅस लावल्याचं विसरणं वारंवार होत असेल, तर घरात कोणी नसताना रेग्युलेटर बंद ठेवणं गरजेचं ठरतं. देवापुढे विजेवरची समई ठेवता येईल, किंवा दिवा रोज कोणीतरी सोबत बसून लावावा.

हातापायांवर पुन्हा पुन्हा चटके दिसत असतील, तर 'निष्काळजीपणा' म्हणून रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. ते कमी झालेल्या नजरेचं, नसांच्या आजाराचं किंवा विसरभोळेपणाच्या सुरुवातीचं लक्षण असू शकतं.

## भाजलं तर पहिल्या २० मिनिटांत काय करायचं?

- भाजलेला भाग वाहत्या, साध्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरावा. लगेच जमलं नाही, तरी पहिल्या ३ तासांत केलेल्या या उपायाचाही फायदा होतो.
- बांगड्या, पाटल्या, अंगठी, जोडवी, घड्याळ लगेच काढावं. सूज आल्यावर ते निघत नाही.
- त्वचेला चिकटलेलं कापड ओढू नये. बाकीचे भिजलेले गरम कपडे काढावेत.
- जखमेवर पाणी घालताना उरलेलं अंग चादरीने पांघरून ठेवावं. ज्येष्ठांचं शरीर लवकर गार पडतं.
- नंतर जखम स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने सैलसर झाकावी.

टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. बर्फाने त्वचेची हानी वाढते. बाकीच्या गोष्टींमुळे उष्णता आत कोंडते, संसर्गाचा धोका वाढतो आणि डॉक्टरांना जखम किती खोल आहे हे कळत नाही. फोड फोडू नयेत.

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर आडवं होऊन लोळावं. ज्येष्ठांना हे जमेलच असं नाही, म्हणून जवळच्याने त्यांना आडवं करून जाड सुती किंवा लोकरी पांघरुणात गुंडाळावं आणि मग पाणी ओतावं. विजेने भाजलं असेल तर आधी मेन स्विच बंद करावा.

## डॉक्टरांकडे कधी जायचं?

साठीच्या पुढच्या व्यक्तीला फोड आला असेल, तर जखम लहान असली तरी डॉक्टरांना दाखवलेलं चांगलं. पुढीलपैकी काही असेल तर थेट रुग्णालय गाठावं:

- जखम रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी आहे. बोटांसह तळहात म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का भाग.
- चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रियांवर भाजलं आहे.
- त्वचा पांढरी, काळी किंवा चामड्यासारखी दिसते आणि दुखत नाही. न दुखणारी जखम जास्त खोल असू शकते, कारण तिथल्या नसाही जळालेल्या असतात.
- धूर छातीत गेला आहे किंवा आवाज बसला आहे.
- विजेने भाजलं आहे.
- रुग्णाला मधुमेह आहे.

रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१ आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ आणि स्वयंपाकघरात चिकटवावेत.

उपचारांचा खर्च मोठा असू शकतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांचा समावेश आहे. ७० वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यासाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड गरज पडण्याआधीच काढून ठेवावं.

## आज घरात करता येतील असे पाच बदल

१. गिझरचं तापमान ५० अंशांच्या आसपास आणा.
२. बादलीत आधी गार, मग गरम पाणी घ्यायची सवय लावा.
३. शेगडीवरच्या फळीवरचे रोजचे डबे बाजूला हलवा.
४. शेकाच्या पिशवीला कापडी खोळ शिवा आणि तिचं रबर तपासा.
५. घरातल्या ज्येष्ठांचे तळपाय आणि हात आठवड्यातून एकदा उजेडात नीट पाहा. त्या निमित्ताने विचाराही, की रोजच्या कामातलं कोणतं काम आता जड जातंय. धोका घरात नेमका कुठे आहे, हे बहुतेक वेळा त्यांनाच सगळ्यात आधी कळलेलं असतं.